ताणा, बाणा आणि पानगळ

मानकोली नाक्यावरून आत वळलं की एका गोदामाच्या तारेच्या कुंपणावर दर श्रावणात कळलावी चढते. उन्हाळ्यात तिथं काहीच दिसत नाही. जमिनीखाली कंद तेवढा असतो, नांगरासारखा वाकलेला. म्हणून तर संस्कृतात तिला लांगली म्हणतात. मृगाच्या सरी पडल्या की कोंब वर येतो, पानांची टोकं बारीक होत होत तारेला वेढे घालतात, आणि गौरी-गणपतीच्या सुमारास फुलं येतात. पाकळ्या मागे उलटलेल्या, काठ लाटांसारखे, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लालभडक. आमच्याकडच्या जुन्या बायका पोरांना त्या वेलाजवळ फिरकू देत नाहीत. कंद पोटात गेला तर माणूस दगावतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून हाच कंद वापरायचे हेही त्यांनाच ठाऊक असतं. वेलाचं नाव त्यावरूनच पडलं. या पुस्तकाचा विषय त्या कुंपणावर चढलेला आहे, म्हणून सुरुवात तिथून केली.

कंदातलं विष म्हणजे कोल्चिसिन. युरोपात ते कोल्चिकम नावाच्या झाडातून मिळायचं आणि गाउटच्या दुखण्यावर द्यायचे, आजही देतात. १८८९ मध्ये पर्निचे या इटालियन संशोधकाच्या लक्षात आलं की कोल्चिसिन दिलेल्या प्राण्यांच्या आतड्याच्या अस्तरात पुष्कळ पेशी विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थबकलेल्या दिसतात. त्या का थबकतात, हे कळायला पाऊण शतक जावं लागलं. १९६७ मध्ये शिकागोत गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी कोल्चिसिनला किरणोत्सारी खूण लावली आणि ते पेशीत जाऊन नेमकं कुणाला चिकटतं याचा माग काढला. ते एका प्रथिनाला चिकटत होतं. पुढच्या वर्षी जपानच्या हिदेओ मोहरी यांनी त्या प्रथिनाला नाव दिलं: ट्युब्युलिन. म्हणजे पेशीच्या आतल्या सांगाड्याचा मुख्य घटक आपल्याला एका विषाने दाखवून दिला. मला या साऱ्या शास्त्रातली ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. झाडाने कुठल्या तरी तोंड घालणाऱ्या जनावरापासून स्वतःला वाचवायला एक रेणू घडवला. त्या रेणूची पकड इतकी अचूक निघाली की माणसाने तिचा हात धरून पेशीच्या आत प्रवेश केला. त्या झाडाच्या स्वतःच्या ट्युब्युलिनला मात्र कोल्चिसिन फारसं चिकटत नाही. विष घडवणाऱ्याने आपलं घर आधी सांभाळलेलं असतं.

आता हा सांगाडा म्हणजे काय, ते सांगायला हवं. भिवंडीत वाढलेल्या माणसाला ते समजवायला फार वेळ लागत नाही. पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, हे शाळेतलं चित्र विसरायचं. ती पिशवी आतून धाग्यांनी भरलेली असते. सर्वांत जाड धागे ट्युब्युलिनचे. ते आतून पोकळ असतात म्हणून त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. त्यांची जाडी २५ नॅनोमीटर. एका केसाच्या जाडीत अशा तीनेक हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील. सर्वांत बारीक धागे अ‍ॅक्टिनचे, साधारण ७ नॅनोमीटरचे. पेशीचा आकार आणि तिचं सरपटणं त्यांच्या हाती. या दोहोंच्या मध्ये बसणारे, दहाएक नॅनोमीटरचे, मध्यम तंतू. केराटिन आणि व्हायमेंटिन त्यांतले; पेशीला ताण सोसायचं बळ ते देतात. विभाजनाच्या वेळी सूक्ष्मनलिकांचा जो पिंजरा तयार होतो त्याला पाठ्यपुस्तकात तर्कू म्हणतात. तर्कू म्हणजे चाती, हे विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही, आणि ज्यांच्या घरात दोन पिढ्या यंत्रमाग चालले ती मुलंसुद्धा तो शब्द पाठ करून टाकतात.

सांगाडा हा शब्द मात्र थोडा फसवतो. हाडांचा सांगाडा स्थिर असतो, हा घडीघडीला मोडून उभा राहतो. १९८४ मध्ये टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी दाखवलं की एकेक सूक्ष्मनलिका हळूहळू वाढत जाते, मग अचानक कोसळते, पुन्हा वाढते. मानकोलीच्या नाक्यावरून रात्रंदिवस कंटेनर जातात, गोदामांतून माल भरला जातो, उतरवला जातो. सूक्ष्मनलिकांवरूनही असाच माल जातो. कायनेसिन आणि डायनिन ही प्रथिनं तो ओढतात. फरक एवढाच की पेशीतला रस्ता वाहतूक चालू असतानाच उखडला जातो आणि दुसरीकडे घातला जातो. पेशीचं जगणं या अस्थिरतेवर चालतं. वनस्पतींची बहुतेक नावाजलेली कर्करोगविरोधी रसायनं नेमकी तिथंच हात घालतात.

हात घालण्याच्या दोन तऱ्हा आहेत. कोल्चिसिन किंवा सदाफुलीतली द्रव्यं नळी बांधूच देत नाहीत. टॅक्सॉल उलटं करतं: बांधलेली नळी मोडू देत नाही. मागावर ताणा तुटला तर कापड येत नाही, आणि ताणा नको इतका आवळला तरी येत नाही. दोन्हीकडे पेशी विभाजनात अडकते. अर्थात या औषधांना मोठ्या मोडतोडीची गरजही नसते, हे नंतर कळलं. अगदी कमी मात्रेत नळ्या शाबूत दिसतात, फक्त त्यांची चुळबुळ थांबते, आणि तेवढंही पेशीला पुरतं.

सदाफुलीची कथा पुष्कळांनी ऐकलेली असते, तरी थोडक्यात सांगते. आपल्याकडे आजही 'शुगर' आहे म्हणून सकाळी सदाफुलीची फुलं चावून खाणारे लोक आहेत. जमैकातही तिचा काढा मधुमेहावर घेत, आणि तिथून पाकिटात घालून पाठवलेली पानं १९५२ मध्ये कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचली. उंदरांची साखर काही उतरली नाही, पण त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी ही उलटी गेलेली खूण सोडली नाही, आणि १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हाती आलं. पाठोपाठ एली लिली कंपनीच्या प्रयोगशाळेत व्हिंक्रिस्टिन मिळालं, आणि १९६३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. एक ग्रॅम व्हिंक्रिस्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. १९८४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने सिप्लाने ही दोन्ही औषधं इथंच बनवायची पद्धत बसवली. साधारण त्याच काळात मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी एमसीपी-८४१ ही उपचारपद्धती सुरू केली. व्हिंक्रिस्टिन तिच्यातलं एक महत्त्वाचं औषध. त्याआधी या आजाराची मोजकीच मुलं वाचायची. अंगणातल्या त्या गुलाबी फुलाकडे बघताना मला आधी हीच गोष्ट आठवते.

टॅक्सॉलपाशी मात्र जरा थांबायला हवं, कारण त्या कथेचं एक टोक नंदुरबारात आहे. मनसुख वाणी तिथं १९२५ मध्ये जन्मले. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकले, अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. केली, आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रायंगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासोबत रुजू झाले. त्याच वर्षी आर्थर बार्कले नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तेव्हा हजारो झाडांचे अर्क तपासायचा मोठा कार्यक्रम हाती घेतला होता, आणि ही साल त्यातलीच एक. काम कंटाळवाणं: साल दळायची, अल्कोहोलात भिजवायची, अर्क दोन द्रावकांत वाटायचा, कुठल्या भागात पेशी मारायची ताकद उरली ते तपासायचं, आणि तोच भाग पुन्हा वाटायचा. किलोंनी साल घालून शेवटी चिमूटभरही द्रव्य हाती लागत नसे. १९६६ मध्ये याच दोघांनी चीनमधल्या एका झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं, आणि १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचना जगापुढे मांडली. एकाच प्रयोगशाळेतून कर्करोगावरच्या दोन मोठ्या औषधघराण्यांचे मूळपुरुष निघाले. वाणी २०२० मध्ये वारले. नंदुरबारच्या किती शाळांत मुलांना त्यांचं नाव सांगितलं जातं, ठाऊक नाही. सांगायला हवं, एवढं मात्र नक्की.

टॅक्सॉल काय करतं, हे १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुसान हॉरविट्झ यांनी उलगडलं. ते नळ्यांना घट्ट करतं, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तोवर माहीत असलेली सगळी द्रव्यं नळ्या मोडणारी होती. १९९२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, पण झाडं किती तोडायची हा प्रश्न त्याआधीच उभा राहिला होता. साल काढली की यू मरतो. फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांनी युरोपातल्या यूच्या पानांतून कच्चा माल घेऊन वाट काढली. पानं पुन्हा फुटतात.

आपल्याकडे हा प्रश्न नरक्या नावाच्या झाडापाशी येऊन उभा राहिला. गोरेगावला सिबा रिसर्च सेंटर होतं, आणि टी. आर. गोविंदाचारी तिथं संचालक होते. त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की पश्चिम घाटातल्या या झाडात कॅम्प्टोथेसिन भरपूर आहे. फुलांना इतका वाईट वास की जुन्या शास्त्रीय नावात 'फीटिडा' म्हणजे दुर्गंधी असा शब्दच घातलेला. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या पट्ट्यात ते वाढायचं. कॅम्प्टोथेसिनपासून बनलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं १९९६ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आली, मागणी वाढली, आणि सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडच्या जंगलांतून नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. जंगलात राहणाऱ्याला किलोमागे जे मिळालं आणि शेवटी औषधाला जी किंमत आली, त्यांची तुलना करायलाही जीव धजत नाही. या पुस्तकात नरक्याला स्वतंत्र जागा दिली आहे. कॅम्प्टोथेसिन पेशीच्या सांगाड्याला हातही लावत नाही. डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज नावाच्या विकराला ते डीएनएवरच खिळवून ठेवतं. तरी पेशी शेवटी मरते ती जवळपास त्याच वाटेने, आणि ती वाट समजल्याशिवाय या विषयाचं दुसरं अर्ध हाती येत नाही. हिमालयातल्या पोडोफायलमची गंमत तर याहून मोठी. त्यातलं मूळ द्रव्य ट्युब्युलिनला कोल्चिसिनच्याच जागी धरतं. रसायनशास्त्रज्ञांनी त्याला साखरेची जोड देऊन एटोपोसाइड बनवलं, आणि त्या नव्या रेणूने ट्युब्युलिन सोडून दुसऱ्या प्रकारच्या टोपोआयसोमरेजला धरलं.

ज्या वर्षी नरक्यातलं कॅम्प्टोथेसिन कळलं, त्याच १९७२ साली पेशींच्या मरणाला नवं नाव मिळालं. स्कॉटलंडमधल्या केर, वायली आणि करी यांनी पाहिलं की काही पेशी सुजून फुटत नाहीत. त्या आक्रसतात, केंद्रकाचे तुकडे होतात, पृष्ठभागावर बुडबुडे येतात, आणि शेजारच्या पेशी त्यांना गपचूप गिळून टाकतात. सूज नाही, गडबड नाही. अ‍ॅबर्डीनमधल्या ग्रीकच्या प्राध्यापकाने शब्द सुचवला: अपॉप्टोसिस. अर्थ पानगळ, पाकळ्या झडणं. झाड पान टाकतं तेव्हा देठाशी आधी तयारी करतं. पेशीही तशीच तयारीने मरते. कर्करोगाच्या पेशीने हीच पानगळ बंद केलेली असते.

सांगाडा आणि मरण हे दोन विषय पाठ्यपुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवतात. पेशीत ते एकमेकांना बांधलेले आहेत. बिम नावाचं एक मारेकरी प्रथिन एरवी सूक्ष्मनलिकांवरच्या डायनिनला बांधून ठेवलेलं असतं, आणि बीएमएफ नावाचं त्याचं भावंड अ‍ॅक्टिनवरच्या मायोसिनला. धागे विस्कटले की हे पहारेकरी सुटतात आणि मायटोकॉन्ड्रियाकडे धाव घेतात. तिथून सायटोक्रोम सी बाहेर पडतं, कॅस्पेज विकरं जागी होतात. मग ही कॅस्पेजेस उलट येऊन सांगाडाच कापू लागतात. ती 'रॉक-१' या विकराचा लगाम तोडतात, अ‍ॅक्टिन-मायोसिन आवळलं जातं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जे बुडबुडे दिसतात ते त्या आवळण्यातून येतात. केराटिन-१८ चे तुकडे होतात, आणि ते रक्तात मोजताही येतात. सांगाड्याला धक्का लागला म्हणून मरण सुरू झालं, आणि ते मरण पार पडतं तेही सांगाड्याच्याच हातून.

सगळं इतकं सरळ असतं तर बरं झालं असतं. विभाजनात अडकलेली पेशी कधी मरते, कधी तशीच निसटून चार-आठ गुणसूत्रसंच घेऊन जगत राहते. पानगळीखेरीज मरणाच्या इतरही वाटा आता माहीत आहेत. लोहाच्या वाटेने होणाऱ्या फेरॉप्टोसिसला नाव मिळालं ते २०१२ मध्ये. खुद्द टॅक्सॉल रुग्णाच्या शरीरात कसं मारतं, यावरही वाद सुरू आहे. २०१४ मध्ये विस्कॉन्सिनच्या बेथ वीव्हर यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या गाठी तपासल्या. प्रयोगशाळेत वापरतात त्याहून गाठीतली मात्रा कमी निघाली. पेशी विभाजनात अडकून पडत नव्हत्या; दोनऐवजी तीन-चार टोकांना ओढल्या जाऊन वाकड्या विभागत होत्या. चाळीस वर्षं ज्या औषधाचा अभ्यास झाला त्याच्याबद्दलची ही अवस्था आहे. मग नवख्या अर्कांबद्दल किती सावधपणे बोलायला हवं!

या क्षेत्रात काम करणारे लोक ढोबळमानाने चार वाटांनी आलेले आहेत. पहिली वाट अर्क काढून गाळत जाणाऱ्यांची: वॉल-वाणी, गोविंदाचारी. दुसरी, एकेका रेणूची पकड मोजणाऱ्यांची. भारतात ट्युब्युलिनवर कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये भवतारक भट्टाचार्य यांनी आणि पवईच्या आयआयटीत दुलाल पांडा यांनी मोठं काम उभं केलं. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग तंबाखूमुळे घरोघरी माहीत आहे; त्या पेशींतल्या केराटिन आणि व्हायमेंटिनचा अभ्यास खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात मिलिंद वैद्य यांच्या गटाने केला. अश्वगंधेतलं विथाफेरिन-ए व्हायमेंटिनला धरतं, म्हणून मध्यम तंतूंचा हा भाग मला फार आशेचा वाटतो. तिसरी वाट रोग होऊच नये म्हणून आहारातली द्रव्यं तपासणाऱ्यांची. परळच्या कर्करोग संशोधन संस्थेत एस. व्ही. भिडे यांनी हळदीवर वर्षानुवर्षं असं काम केलं. चौथी, आयुर्वेदाच्या अनुभवापासून सुरुवात करून मागे रेणूकडे जाणाऱ्यांची. मुंबईचे अशोक वैद्य आणि पुण्याचे भूषण पटवर्धन यांनी तिची शिस्त घालून दिली. या चारही वाटांच्या खाली एक पाया आहे, आणि तो कमल रणदिवे यांनी घातला. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या या बाईंनी वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. ज्यांच्या प्रयोगशाळेत हेला पेशी पहिल्यांदा वाढल्या त्या जॉर्ज गाय यांच्याकडे त्या बाल्टिमोरला जाऊन शिकल्या, आणि परतून परळला देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. बशीत पेशी जगवता आल्याच नसत्या, तर झाडाचं विष त्यांच्यावर तपासणार कसं?

हळदीबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण व्याख्यान कुठेही असो, पहिला प्रश्न हळदीचा असतो. आयआयटी मुंबईच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की करक्युमिन ट्युब्युलिनला चिकटतं आणि नळ्यांच्या बांधणीत अडथळा आणतं. हे खरं आहे. बशीतल्या कर्करोगाच्या पेशी त्याने मरतात, हेही खरं. पण तोंडाने घेतलेलं करक्युमिन रक्तात फारच थोडं पोचतं आणि चटकन मोडतं. शिवाय हा रेणू भेटेल त्या प्रथिनाला थोडा थोडा चिकटतो, त्यामुळे चाचण्यांत खोटा होकार देतो. २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्रज्ञांनी यावर सविस्तर इशारा दिला. करक्युमिनवरचे बरेच गाजलेले शोधनिबंध मागेही घेतले गेले आहेत. १९९७ मध्ये डॉ. माशेलकरांच्या पुढाकाराने हळदीचं अमेरिकन पेटंट रद्द झालं तेव्हा आपल्या सगळ्यांची छाती फुलली होती, आणि ते योग्यच होतं. ते पेटंट जखमा भरण्याबद्दलचं होतं, हे मात्र लोक विसरतात. सांगलीची हळद उत्तम आहे. ती भाजीत घालावी. कर्करोगावरचं औषध म्हणून तिच्यावर विसंबू नये.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट जवळून दाखवते. एम.एस्सी.च्या मुलांचा ठरलेला प्रयोग असतो: ९६ खळग्यांची प्लेट, त्यात पेशी, वर झाडाचा अर्क, दोन दिवसांनी एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य. जिवंत पेशी त्या पिवळ्याचं जांभळं करतात. जांभळा रंग फिका पडला तर पेशी मेल्या, असं धरायचं. एकदा एका मुलीची प्लेट बघत होते. अर्काची मात्रा वाढवावी तसा रंग फिका होण्याऐवजी गडद होत चाललेला. ती म्हणाली, "बाई, पेशी वाढल्या." मी तिला एका ओळीत पेशीच न घालता नुसता अर्क आणि एमटीटी घालायला सांगितलं. तीही ओळ जांभळी झाली. अर्कातली द्रव्यंच एमटीटीचा रंग बदलत होती. पेशींचा त्यात काही संबंधच नव्हता. ती रिकामी ओळ न घालता झालेले किती प्रबंध कपाटांत असतील, या विचाराने त्या रात्री मला झोप आली नाही. त्यात निरोगी पेशींवर तोच अर्क तपासलेला नसतो, आणि पेशी कुठून आणल्या याची खात्री नसते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून ओळख पटवलेल्या पेशी मिळतात, तरी मित्राच्या बाटलीतून उसन्या आणलेल्या चालवल्या जातात.

आणि हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर आमच्याच आळीतलं आहे. शेजारच्या एक मावशी घरी बसून यंत्रमागाच्या कांड्या भरायच्या. स्तनाचा कर्करोग निघाला, शस्त्रक्रिया झाली, पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे तेच टॅक्सॉल, सुरू झालं. तिसऱ्या-चौथ्या इंजेक्शननंतर बोटांना मुंग्या येऊ लागल्या. धागा चिमटीत आहे की नाही ते कळेना. त्यांनी मला विचारलं, "बाई, रोग छातीत आणि मुंग्या बोटांत कशा?" मी घाईत होते. "औषधाचा परिणाम आहे, जातील," एवढं म्हणून निघून गेले. त्यांनी इंजेक्शनं बंद केली. कुणी तरी झाडपाल्याच्या पुड्या दिल्या, त्या चार महिने घेतल्या. परत उपचाराला गेल्या तेव्हा गाठ पाठीच्या कण्यात पोचली होती.

उत्तर अवघड नव्हतं. मज्जातंतूची एकेक पेशी कण्याजवळून बोटापर्यंत हातभर, पायात तर मीटरभर लांब जाते. एवढ्या अंतरावर माल पोचवायला तिच्याकडे सूक्ष्मनलिकांखेरीज दुसरा रस्ता नाही. औषध गाठीतल्या नळ्यांना धरतं तसंच या नळ्यांनाही धरतं, आणि सर्वांत लांबच्या टोकाला पहिल्यांदा माल कमी पडतो. डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा कमी करता येते, अंतर वाढवता येतं, औषध बदलता येतं. आणि ज्या उपचाराला त्या कंटाळल्या, तोही झाडपालाच होता. एका झाडाची साल, तीस वर्षं तपासून मात्रा ठरवलेली. हे पाच मिनिटांत सांगता आलं असतं. मराठीत असं सांगायची मला सवय नव्हती, शब्द जुळवून ठेवलेले नव्हते.

भारतात दरवर्षी १४ लाखांच्या आसपास नवे कर्करुग्ण निघतात. त्यांतल्या कितींच्या हाती अशा पुड्या पडतात, याची कुठे नोंद होत नाही. दुसरीकडे, गेल्या सात-आठ दशकांत आलेल्या कर्करोगाच्या औषधांपैकी साधारण निम्म्यांचं मूळ निसर्गातल्या कुठल्या ना कुठल्या रेणूशी जाऊन मिळतं, असं न्यूमन आणि क्रॅग यांच्या आढाव्यांतून दिसतं. झाडपाला म्हणून हिणवणं आणि झाडपाला म्हणून डोक्यावर घेणं, दोन्ही यामुळेच चुकीचं ठरतं. विचारायचा प्रश्न ठरलेला आहे: कुठला रेणू, कशाला धरतो, किती मात्रेत, आणि निरोगी पेशीचं काय होतं?

हा प्रश्न मराठीत, पूर्ण विस्ताराने विचारायचा, एवढंच या पुस्तकाने ठरवलं आहे. वाचक दोन तऱ्हांचे समोर धरले आहेत. एक, जीवशास्त्र शिकणारा विद्यार्थी, ज्याला प्रबंधासाठी एक झाड आणि एक पेशी निवडायची आहे. दुसरा, घरात रुग्ण असलेला माणूस. दोघांना एकाच पुस्तकात बसवू नका, असं काही मित्रांनी सुचवलं. मी ऐकलं नाही. विद्यार्थ्याला त्या घरातला प्रश्न कळायला हवा आणि घरातल्या माणसाला त्या रिकाम्या ओळीची गोष्ट. म्हणून मांडणी झाडानुसार केलेली नाही, आणि रोगानुसारही नाही. रेणू पेशीत शिरतो तिथून पेशी मरते तिथपर्यंतच्या प्रवासाच्या क्रमाने पुस्तक जातं. चाचण्या कशा फसवतात यावर भरपूर पानं खर्च केली आहेत. नुस्खा एकही नाही, आणि कुठल्याही झाडाची घरगुती मात्रा दिलेली नाही; कळलावी आणि सदाफुली यांच्या बाबतीत तर ती देणं म्हणजे गुन्हाच ठरेल.

शब्दांचं म्हणाल तर रूढ मराठी शब्द होता तिथं तो घेतला: सूक्ष्मनलिका, तर्कू, विकर. अ‍ॅक्टिन, ट्युब्युलिन, अपॉप्टोसिस तसेच ठेवले, कारण विद्यार्थ्याला पुढे त्याच नावांनी वाचावं लागणार आहे. 'सांगाडा' ठेवायचा की 'धागेबांधणी' म्हणायचं, यावर मी बरेच दिवस घातले. शेवटी सांगाडा ठेवला आणि तो फसवतो हे जागोजागी सांगितलं.

चित्रं विद्यार्थ्यांनी काढली आहेत. पहिलं चित्र कळलावीचं, त्याच गोदामाच्या कुंपणाशी उभं राहून गेल्या श्रावणात काढलेलं. या उन्हाळ्यात तिथं ट्रक लावायला काँक्रीट ओतलं गेलं. कंद खाली राहिला आहे का, ते मृगाचा पाऊस पडल्यावर कळेल.

मानकोली, ता. भिवंडी, जि. ठाणे